उलट्या बाजेवरची पाहुणी

मी मूळची तेर गावची. लग्न होऊन तुळजापुरात, पुजाऱ्याच्या घरात आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ध्यानात आली. या घराला दार आहे, पण ते लावायची पद्धत नाही. पहाटे चूळ भरायला अंगणात यावं तर तिथं सांगलीकडची सात माणसं दात घासत उभी असायची, आणि त्यातलंच कुणीतरी मला विचारायचं, "तुम्ही कुठल्या हो?"

तुळजापुरात प्रत्येक पुजाऱ्याची ठरलेली घराणी असतात. ती देवीला आली की आपल्या पुजाऱ्याकडं उतरतात. आंघोळ आमच्याकडं, नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडं, जेवण आमच्याकडं, आणि जेवून अंग टाकायचं तेही आमच्याच ओसरीवर. या मंडळींना यजमान म्हणतात. राबायचं आम्ही आणि यजमान ते, हे मला अजून पचलेलं नाही. पण मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळं माझं मत कुणी विचारत नाही.

सासऱ्यांना माणूस दिसला की पहिला प्रश्न तोंडातून येतो, "गाव कोणतं?" आणि लगेच दुसरा, "आडनाव काय?" शिंक यावी तसं ते येतं, थांबवता येत नाही. सोलापुरात त्यांची दाढ काढली, तेव्हा डॉक्टरांचा हात तोंडात असतानाही त्यांनी गाव विचारलं होतं. डॉक्टरांची आजी आमच्याच घराची यजमान निघाली. पुढच्या पौर्णिमेला डॉक्टर सहकुटुंब जेवायला हजर.

आणि या सगळ्यांना वाढायचं सासूबाईंनी. एकोणिसाव्या वर्षी त्या आमच्या चुलीपुढं बसल्या, त्या सत्तरी आली तरी उठलेल्या नाहीत. मी आहे, धाकटी जाऊ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे, पण यजमानांना 'काकूंच्या हातचं' हवं असतं. माणसं जेवतात, ताटातच हात धुतात, ढेकर देतात आणि उठतात. ताट उचलताना सासूबाई एवढंच बघतात की पानात काय उरलं, आणि जे उरलं ते मनाला लावून घेतात.

यजमानांमध्ये एक म्हातारी होती. येडशीच्या पलीकडं, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लमाण तांड्यावरची. दर चैत्रात यायची. आरसे लावलेला घागरा, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. देवीला ती याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. पंगतीत बसून पहिला घास घेतला की ती शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बाई, भाजीत मीठ कमी हाय."

दरवर्षी. सासूबाई हसून मीठ वाढायच्या आणि आत येऊन भिंतीला सांगायच्या, "चिमूटभर जास्तच घातलं हुतं ह्या वक्ताला." एका चैत्रात त्यांनी म्हातारीसाठी म्हणून मुद्दाम इतकं मीठ घातलं, की बाकीची पंगत नुसती पाणी पीत बसली. म्हातारीनं घास घेतला, नीट चावला, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

तर अशा या घरात दोनेक वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, सोलापूरच्या एक बाई जेवण झाल्यावर सासूबाईंना मोबाइलवर फोटो दाखवत बसल्या. त्या कुठं लांबच्या डोंगरात फिरून आल्या होत्या. फोटोत धुकं होतं, धुक्यात बुडालेली देवळं होती, डोंगरातल्या लोकांची वस्ती होती, नक्षीच्या कपड्यांतल्या बायका होत्या. सासूबाई दुसऱ्या पंगतीच्या पोळ्या लाटता लाटता "व्हय का" म्हणत होत्या. एका फोटोत त्या बाई कुणाच्या तरी घरापुढं बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढं भरलेलं ताट होतं.

"हा सैपाक कुणी केला?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या घरातल्या बायकांनी. आम्ही नुसतं बसायचं."

"नुसतं?"

"उठूच देत नाहीत हो."

"आन् ताट कुणी उचललं?"

"त्यांनीच की, काकू."

सासूबाईंचं लाटणं थांबलं. बावीस वर्षांत मी ते असं मधेच थांबलेलं पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सगळे ओसरीवर असताना त्यांनी सांगून टाकलं, "मलाबी जायचंय एकदा. तसल्या धुक्याच्या गावाला."

घरानं त्यातलं धुकं तेवढं ऐकलं. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून आहेत. कागद केल्याशिवाय त्यांना लघवीलाही जाता येत नाही. त्यांनी वही घेतली आणि वर लिहिलं, 'सहलीचा उद्देश: धुके पाहणे.' मग मला म्हणाले, "तू भूगोल शिकवतेस ना? जिल्ह्यात धुकं कुठं पडतं ते सांग." मी म्हटलं, "आपल्या अंगणात पडतं. तुम्ही आठ वाजता उठता म्हणून दिसत नाही." ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना एकटीनं गाठलं. "आई, खरं सांगा, तुम्हाला धुकं बघायचंय?"

"धुक्याला काय जाळायचंय?" त्या म्हणाल्या. हातातली मेथी निवडत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "एकदा कुणीतरी मला म्हणावं, बस, उठू नको. ताट ऱ्हाऊ दे तितंच. बास. मरायच्या आदी एकदा."

 मी बावीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं होतं, शाळेला उशीर होतोय म्हणून कितीदा उष्टं ताट तसंच टाकून पळाले होते. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की धुकं दिसो न दिसो, या बाईला एक दिवस पाहुणी करायचंच.

पण निघायचं कधी? मंगळवार, शुक्रवार, रविवार गर्दीचे. पौर्णिमा, अमावास्या नाहीच. सुट्ट्या लागल्या की सगळा महाराष्ट्र आमच्या ओसरीवर. यांनी कॅलेंडरवर काट मारत मारत भाद्रपदाच्या शेवटापर्यंत आणलं, तेव्हा कुठं मोकळी जागा सापडली. नवरात्राच्या आधी आठ-नऊ दिवस आमची देवी निद्रेला जाते. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. दर्शन चालू असतं, पण अभिषेक बंद, त्यामुळं यजमान कमी. देवीला अशी झोप वर्षातून तीनदा मिळते. मी सासूबाईंकडं बघून हे मोठ्यानं म्हणाले, पण सासऱ्यांनी ते धार्मिक माहिती म्हणून ऐकलं आणि मान डोलावली.

बुधवार ठरला, आणि जवळचं धुक्याचं ठिकाण म्हणून येडशीजवळचं रामलिंगाचं देऊळ. शेजाऱ्यांची गाडी मागितली. घर धाकट्या दिराच्या आणि जावेच्या अंगावर टाकलं. पहाटे सहाला आम्ही चौघं गाडीशी उभे, आणि सासरे काही आत बसेनात.

"काय झालं, दादा?" यांनी विचारलं.

"देवी निद्रेत हाय," सासरे म्हणाले. "ही शीट बग की. गादीच हाय ही."

 देवी पलंगावर असते तेवढे दिवस आमच्या घरात कुणी गादीवर झोपत नाही आणि पलंगाला, बाजेला अंग लावत नाही. तिनं झोपायचं, आपण जमिनीवर. ही रीत आम्हाला तोंडपाठ. आणि नेमके तेच दिवस आम्ही सुट्टीचे म्हणून निवडले होते. अशी चूक तुळजापूरच्याच माणसाच्या हातून व्हायची.

यांनी शीट दाबून बघितली आणि म्हणाले, "फोम आहे. गादीत कापूस असतो." सासऱ्यांना ते पटलं नाही. सासूबाई पदर खांद्यावरून घेऊन उभ्या होत्या. नवं लुगडं नेसलेलं, केसात अबोलीचा गजरा. त्यांनी घराकडं एकदा वळून बघितलं. मी आत जाऊन दोन घोंगडी आणली आणि शीटवर अंथरली.

सासऱ्यांनी बराच वेळ विचार केला. समोरच्या घरातले लोकही बाहेर येऊन निकालाची वाट बघू लागले. शेवटी ते म्हणाले, "वरनं घोंगडं टाकलं की माणूस घोंगड्यावर बसतंय. खाली काय हाय ते घोंगड्यानं बघावं." आणि बसले.

निघण्याआधी मी गाडीची झडती घेतली. पिठल्याचं पातेलं सापडलं, ते घरात ठेवून आले. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सापडला, तोही ठेवला. "आई, आज आपण खायला जातोय, घालायला नाही," मी दम दिला. त्यांनी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

येडशीच्या अलीकडंच धुकं लागलं. हे खूश झाले. वहीत पाहून म्हणाले, "सात पस्तीस. वेळेवर आहे." रामलिंगाला पोचलो तर धुकं इतकं, की देऊळ दरीत आहे हे पायऱ्या लागल्यावर पायांना कळलं. एका वळणावर हे थांबले आणि मोबाइल काढला. "हा धबधब्याचा," म्हणाले, आणि पांढऱ्याचा फोटो काढला. "हा झाडीचा." पुन्हा पांढरा. मला उभं करून माझाही काढला. तो फोटो अजून आमच्याकडं आहे. त्यात मी नाही, पण माझी पर्स आहे.

मी सासूबाईंना देवळाशी एका पायरीवर घोंगडं टाकून बसवलं. "उठायचं नाही," मी म्हटलं. चहाची टपरी जवळच असणार होती, वास येत होता. आयता चहा त्यांच्या हातात आणून द्यावा म्हणून मी वासाच्या मागानं निघाले.

तेवढ्यात धुक्यातून सासऱ्यांचा आवाज आला. "गाव कोणतं?"

धुक्यातून कुणीतरी उत्तर दिलं, "बार्शी."

"आडनाव काय?"

त्यानं तेही सांगितलं. मला पुढचं सगळं दिसलं, म्हणजे दिसलं काहीच नाही, पण कळलं. त्या भल्या माणसाला वाटलं, हे इथलेच पुजारी. तो मागून चालू लागला, त्याच्यामागं त्याचं बिऱ्हाड, त्यांच्यामागं कुठलंसं दुसरं बिऱ्हाड. सासऱ्यांनाही पाठीमागं पावलं वाजली की पुढं चालायची सवय. ते पुढं, लोक मागं, अशी प्रदक्षिणा सुरू झाली. मी चहाच्या टपरीपाशी पोचले तेव्हा ती मिरवणूक टपरीला तिसरी फेरी घालत होती. टपरीच्या निळ्या ताडपत्रीच्या उंच छपराला धुक्यात त्यांनी देऊळ समजलं होतं. टपरीवाला मधे उभा राहून शांतपणे आलं ठेचत होता. पाचवी फेरी झाल्यावर एका बाईनं त्याच्यापुढं नारळ ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "साखर कमी का नेहमीची?"

याचं मला हसू आलं असतं. पण प्रदक्षिणा झाली की सासऱ्यांच्या तोंडून पुढचं वाक्यही आपोआप येतं, आणि ते आलं. "चला, आता जेवून घ्या."

मी पायऱ्या उतरत धावले, पण धुक्यात दोनदा वाट चुकले. पोचले तोवर उशीर झाला होता. सासूबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला. पायरीवर अकरा माणसं ओळीनं बसलेली, पुढं पत्रावळ्या मांडलेल्या, आणि सासूबाई धपाटे वाढत होत्या. मी पिठलं शोधलं, चटणी शोधली, पण त्यांच्या पदराखालच्या पिशवीत धपाट्यांची चळत आणि पत्रावळ्यांचा गठ्ठा असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंगतीच्या टोकाला एक माकड येऊन बसलं होतं. त्यालाही त्यांनी पत्रावळ मांडली. सगळ्यांत व्यवस्थित तेच जेवलं.

"काकू, पाणी?" बार्शीचा माणूस म्हणाला.

"आणते," म्हणत सासूबाई निघाल्यासुद्धा.

मला रडू आलं, आणि माझं रडू नेहमी भांडण होऊन बाहेर पडतं. मी सासऱ्यांना म्हटलं, "दादा, हे देऊळ आपलं नाही. ही माणसं आपली नाहीत. आई आज वाढायला आलेल्या नाहीत." बावीस वर्षांत मी त्यांच्याशी या आवाजात बोलले नव्हते. पंगतीतली माणसं खाली मान घालून भराभरा खाऊ लागली. सासरे गोंधळून माझ्याकडं बघत राहिले. "मी कुटं म्हणलं तिला उठ म्हणून?" ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. तिला कुणीच कधी उठ म्हटलं नव्हतं.

सासूबाईंनी पत्रावळ्या गोळा केल्या, टाकायची जागा शोधून टाकल्या, हात धुतले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे गं. बसाया येत न्हाय मला. सवय न्हाय." ते ऐकून मला आणखीच राग आला.

यांनी वहीत बरोबरची खूण केली. "धुकं पाहून झालं. दुपारच्या आत घरी." मी म्हटलं, "पुढं चला." "पुढं काय आहे?" "माहीत नाही. पण परत जायचं नाही." माझा आवाज बघून त्यांनी गाडी सुरू केली. धुक्यात त्यांनी डांबरी सोडून कच्चा रस्ता कधी धरला हे त्यांनाही कळलं नाही. चढ लागला, खडी लागली, मग समोर एक म्हैस लागली आणि आम्ही थांबलो. म्हशीच्या पलीकडं कुणीतरी उभं होतं.

सासऱ्यांनी काच खाली केली. "गाव कोणतं?"

 एक खणखणीत आवाज आला, "पुजारीबाबा? माझ्याच दारात येऊन मलाच गाव इचारतो व्हय?"

म्हशीला बाजूला ढकलून म्हातारी पुढं आली. आरशांचा घागरा, बांगड्या, तोच आवाज. आम्ही तिच्या तांड्यात, जवळजवळ तिच्या अंगणात गाडी घातली होती. मिठाची म्हातारी आहे म्हटल्यावर सासूबाईंनी पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "आता गं?"

म्हातारीनं आम्हाला खाली उतरवलं. सुनेला हाक मारली. पाय धुवायला पाणी आलं. आणि मग अंगणात, आमच्यापुढं, स्वच्छ गोधडी घातलेली बाज आली.

"बस, बाई," म्हातारी म्हणाली.

सासूबाई उभ्याच. त्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी बाजेकडं पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. पन्नास वर्षांनी कुणीतरी या बाईला बस म्हणालं होतं, आणि तिला बसता येत नव्हतं.

"देवी निद्रेत हाय," सासूबाई हळू म्हणाल्या. "बाजंवर बसायचं न्हाय ह्या दिसांत."

"मंग गोधडीवर बस खाली."

"गोधडी मऊ हाय. गादीवानी."

"आन् भुई वली हाय," म्हातारी म्हणाली. रात्रभर झिरपणारं धुकं होतं, अंगणात चिखल झाला होता. घरात बसावं तर आत ज्वारीची पोती आणि शेळ्या. पावसाळ्यात त्यांचीही तिथंच सोय. यांनी सुचवलं, की मोटारीतलं घोंगडं बाजेवर टाकावं. सासरे म्हणाले, "शीटंचं निराळं. ही तर सरळ सरळ बाजच हाय. घोंगडं टाकलं म्हणून देवीला दिसत न्हाय व्हय?"

तोवर सगळा तांडा जमला होता. हे सकाळपासून म्हणत होते, की डोंगरातल्या लोकांचं जगणं बघायला मिळेल. आता ते लोक काम टाकून आमचं जगणं बघायला आले होते. जीन्स घातलेली पोरं, मॅक्सीवर टॉवेल टाकलेल्या बायका, एक तर दाढीला साबण लावूनच आलेला. यांनी फोटोसाठी मोबाइल वर केला, तर समोरून पाच-सहा मोबाइल आधीच आमच्यावर रोखलेले होते.

म्हातारीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग गोधडी काढून सुनेकडं फेकली, बाजेच्या एका बाजूला हात घातला आणि ती उलटी केली. चारी पाय आभाळाकडं.

"आता ही बाज हाय का, बाबा?"

 सासऱ्यांनी बाजेला एक फेरी मारली. एका पायाला हात लावून बघितला. तांडा श्वास रोखून उभा. पहाटे शीटचा निकाल द्यायला लागला होता त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, "पाय भुईला टेकतेत तवर बाज. ह्याचे पाय वर हायेत. ही काय बाज न्हाय."

आणि सासूबाई बसल्या. उलट्या बाजेच्या सुंभावर, चार पायांच्या मधे, नवं लुगडं, गजरा. सुंभ खाली झोळीसारखं गेलं आणि त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी एकदा उठायचा प्रयत्न केला. जमला नाही. सत्तरीच्या गुडघ्यांनी उलट्या बाजेतून कुणाला उठता येत नाही. म्हातारीनं ते बघितलं आणि समाधानानं आत गेली.

पाहुणीला पोत्यावर बसवायला म्हातारी तयार नव्हती, आम्ही बाकीचे मात्र रिकाम्या पोत्यांवर बसलो. ताटं आली. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा. चुलीचा धूर धुक्यात मिसळत होता. सासूबाईंपुढं पहिलं ताट. त्यांनी ताटाकडं बघितलं, मग चुलीकडं, मग दुसऱ्यांच्या ताटांत सगळं वाढलंय का तिकडं. त्यांचा हात दोनदा भाकरीच्या टोपल्याकडं गेला. टोपलं लांब होतं. मग त्यांना जेवण्यावाचून इलाज राहिला नाही.

त्यांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली, घास घेतला. सावकाश चावला. म्हातारी पुढंच उकिडवी बसली होती. सासूबाईंनी तिच्या डोळ्यांत डोळे घालून, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भाजीत मीठ कमी हाय."

 यांचा घास हातात राहिला. म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. मग उठली, आत गेली, मिठाचा वाडगा घेऊन आली आणि वाकून चिमूटभर मीठ ताटाच्या कडेला वाढलं. तिच्या बांगड्या वाजत होत्या. हसत होती की काय, धुक्यात नीट दिसलं नाही.

मी माझ्या ताटातली भाजी चाखून बघितली. मीठ अगदी बरोबर होतं.

सासूबाईंनी ते वाढलेलं मीठ भाजीत मिसळलं आणि सगळी भाजी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. मग लोट्यातलं पाणी घेऊन त्यांनी ताटातच हात धुतले. ओल्या हातानं त्यांनी ताटाची कड धरली. हे त्यांनी ठरवून केलं नसणार. आयुष्यभराची सवय, जेवण झालं की ताट उचलायचं.

"ऱ्हाऊ दे ती ताट," म्हातारी म्हणाली. "बस तू. उठू नको."

सासूबाईंनी कड सोडली. ते हात आता कुठं ठेवायचे हे त्यांना समजेना. आधी मांडीवर ठेवले, मग बाजेच्या वर आलेल्या दोन पायांना धरले, पुन्हा मांडीवर घेतले. म्हातारी ताट घेऊन गेली. ताट दिसेनासं होईपर्यंत सासूबाई तिकडं बघत होत्या. मला इतकं भरून आलं, की मी दुसरी भाकरी नको म्हणायचं विसरले आणि ती आली.

निघताना त्यांना बाजेतून काढायला चार बायका लागल्या. म्हातारीनं कपाळाला कुंकू लावलं. "चैत्रात येते," म्हणाली. "ये," सासूबाई म्हणाल्या. मिठाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

परतीला धुकं विरळ झालं होतं. डोंगर दिसत होते, साधे हिरवे. यांनी त्यांचे फोटो काढले नाहीत, वहीत नव्हतं म्हणून. मी आणि सासूबाई मागं बसलो होतो. जरा वेळानं मी म्हटलं, "आई, मीठ बरोबर होतं."

"ठावं हाय मला."

"मग?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पन्नास वर्सं आयकलं. एकदा म्हणून बघायचं हुतं, कसं वाटतंय."

"कसं वाटलं?"

"लई ग्वाड," त्या म्हणाल्या. आणि मान मागं टेकून, घोंगड्यावर झोपून गेल्या. भर दुपारी झोपलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तोंड जरासं उघडं, गजरा एका बाजूला आलेला.

धाराशिवच्या पुढं यांनी पेट्रोल भरायला गाडी थांबवली. पंपावरचा माणूस पुढच्या खिडकीपाशी आला. सासऱ्यांनी त्याच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, मग मागं वळून बायकोकडं पाहिलं. आणि काही न विचारता तोंड मिटून घेतलं.